धाव

बैलगाडीच्या लाकडी चाकाभोवती जे लोखंडी कडे असते, त्याला मराठीत 'धाव' म्हणतात. धाव चढवणे हे सुतार आणि लोहार दोघांच्या हातचे काम. जमिनीवर गोवऱ्यांचा गोल हारा रचायचा, त्यात कडे ठेवायचे आणि ते लालबुंद होईपर्यंत वाट पाहायची. मग दोघे-तिघे सांडशीने ते उचलून चाकावर बसवतात. लाकडाला लोखंड लागताच धूर निघतो, घणाचे ठोके पडतात आणि लगेच वरून घागरीने पाणी ओतले जाते. चर्र आवाज करत कडे आकसते. त्या आकसण्याने तुंबा, आरे आणि पाट्या एकमेकांत अशा आवळून बसतात, की पुढे कित्येक वर्षे दगडधोंड्यांतून चालूनही चाक खिळखिळे होत नाही.

ही धाव ओझ्याच्या गाडीलाही असे आणि दमणीलाही. पण दमणीची गोष्टच वेगळी.

दमणी म्हणजे माणसांसाठी केलेली हलकी, देखणी, वेगवान गाडी. तिच्यात कडबा भरायचा नाही, शेणखत वाहायचे नाही. वर ऊन-पाऊस अडवणारे छत, आत गादी किंवा गोधडी, चार-पाच माणसांपुरती जागा. तिला जुंपायचे बैलही निवडलेले असत. खिल्लारासारखी उंच, काटक, पळणारी जोडी त्यासाठी वेगळी राखली जाई. नांगराला ती सहसा लावत नसत. सरकी-पेंडीचा खुराक तिला आधी मिळे. खुरांना पत्री मारलेली, शिंगांना पितळी शेंब्या, गळ्यात घुंगरमाळा. दमणी गावाच्या शिवेवर आली की घुंगरांच्या आवाजावरून कुणाची गाडी ते घरात बसलेल्या बायकांनाही कळे.

आज ज्या गाडीला आपण 'स्पोर्टी' आणि 'लक्झरी' अशी दोन विशेषणे एकदम लावतो, तिची मराठवाड्यातली आजी म्हणजे ही दमणी. वेग, देखणेपणा आणि ऐट हे तिन्ही तिच्यात होते. आणि ती ज्याच्या दारात उभी असे, तो बहुधा लेकराबाळांचा बाप असे.

ही गोष्ट शिरूर कासारच्या गाड्यांची. शिरूर कासार हे बीड जिल्ह्यातले, सिंदफणा नदीकाठचे गाव. तालुक्याचा दर्जा मिळाला तो १९९९ मध्ये. महाराष्ट्रात शिरूर नावाची गावे अनेक. पुणे जिल्ह्यातले घोडनदीचे शिरूर, लातूर जिल्ह्यातली शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद. या शिरूरच्या नावाला जोडलेला 'कासार' तांब्यापितळेची भांडी घडवणाऱ्या, बांगड्या भरणाऱ्या समाजाची आठवण देतो. बैलाच्या शिंगावरची शेंबी आणि गळ्यातले घुंगरूही त्याच पितळेचे. भोवतालचा मुलूख बालाघाटाच्या डोंगररांगांचा, पर्जन्यछायेतला. बाजरी, कापूस, तूर यांवर जगणारा आणि दर काही वर्षांनी दुष्काळ झेलणारा. अशा मुलखात चांगली बैलजोडी सांभाळणे हीच मोठी गोष्ट. त्यातून केवळ माणसे नेण्यासाठी वेगळी गाडी आणि वेगळे बैल ठेवणे मूठभर घरांनाच जमे.

त्या मूठभर घरांची दमणी मात्र साऱ्या गावाच्या उपयोगी पडे. पंचमीला, दिवाळीला माहेरवाशिणीला आणायला मुऱ्हाळी निघाला की ती मागून आणली जाई. अडलेल्या बाळंतिणीला, तापाने फणफणलेल्या पोराला बीडच्या दवाखान्यात न्यायचे, तर रात्री कंदील टांगून तीच जुंपली जाई. शिकायला बाहेरगावी ठेवलेल्या मुलाची वळकटी आणि पत्र्याची ट्रंकही तिच्यातूनच जाई. बाप पुढे कासरा धरून बसे, आई मागे लेकराला मांडीवर घेऊन. शिरूरच्या देखण्या गाड्यांचा इतिहास सांगायचा, तर पुढे कासरा कुणाच्या हाती होता याबरोबरच मागे कोण बसले होते हेही पाहावे लागते.

मोटार इकडे आली ती सरकारी रूपात. बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. निझाम स्टेट रेल्वेने १९३२ मध्ये रस्ते वाहतुकीचा वेगळा विभाग काढला, तेव्हा त्याच्याकडे २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी होते. सरकारने स्वतः प्रवासी बस चालवण्याचा देशातला हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १९६१ मध्ये मराठवाड्याची परिवहन सेवा महाराष्ट्राच्या एसटीत मिसळली. आगगाडी मात्र बीडच्या वाट्याला आली नाही. जिल्ह्यातल्याच परळीत रेल्वे होती, पण बीड आणि त्याच्या पश्चिमेकडचे पाटोदा, आष्टी, शिरूर हे तालुके रुळांवाचूनच राहिले. त्यामुळे इथल्या आईबापांपुढे दोनच वाटा उरल्या. एसटीची वेळ गाठायची, नाही तर स्वतःचे वाहन करायचे.

स्वतःची मोटार ही तेव्हा फार दुर्मीळ वस्तू. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट आणि बंगालमधून येणारी अँबेसेडर या दोन गाड्यांवर देशाने कित्येक दशके काढली. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. तालुक्याच्या गावी मोटार दिसे ती डॉक्टरची, एखाद्या अडत्याची, नाही तर पुढाऱ्याची. गावात अँबेसेडर आली की पोरे धुरळ्यामागे पळत सुटत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पगारदार बापाच्याही आवाक्यात मोटार आली. एसटीखेरीजच्या प्रवासाला काळी-पिवळी जीप होतीच. तिच्या मागच्या फळीवर गुडघ्याला गुडघा लावून बसलेली पोरे हे मराठवाड्यातल्या प्रत्येक रस्त्यावरचे दृश्य झाले.

याच काळात शिरूरच्या रस्त्यांवरून आणखी एक गाडी फार मोठ्या संख्येने जात होती, आणि तिला विसरून हा इतिहास सांगता येणार नाही. ती म्हणजे टायरगाडी.

लाकडी चाकाची धाव गेली आणि बैलगाडीला रबरी टायर आले. ओढायला हलकी, ओझे जास्त. साखर कारखान्यांनी ही गाडी ऊसतोडीसाठी उचलली. बीड जिल्ह्यातून, विशेषतः शिरूर, पाटोदा, आष्टी, धारूर या कोरडवाहू तालुक्यांतून दर वर्षी लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून 'उचल' घ्यायची, म्हणजे हंगामाआधीच मजुरीची रक्कम उचलून कर्जासारखी डोक्यावर घ्यायची, आणि ती फिटेपर्यंत तोडायचे. गाडी कारखान्याची, बैल आपले आणि घाम दोघांचा. दिवाळीच्या आगेमागे टोळी निघते, ती पाडव्याच्या सुमारास परतते.

या टायरगाडीवरही लेकरे बसत. मोळ्यांच्या ढिगावर आई, तिच्या कुशीत धाकटे, पुढे बैलांच्या शेपट्यांपाशी बाप. पहाटे तीनला फड गाठायचा, संध्याकाळी कारखान्यावर गाडी खाली करायला रांगेत थांबायचे. पोराची शाळा मात्र गावाकडे राहून गेलेली. या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे आली, २०२१ मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृह योजना आणली. तरी पोराला आजीजवळ ठेवायचे की गाडीवर बसवून बरोबर न्यायचे, हा प्रश्न शिरूर तालुक्यातल्या कितीतरी घरांत आजही दर वर्षी नव्याने सोडवावा लागतो.

दमणी आणि टायरगाडी ही एकाच मुलखातली दोन टोके. मोटारींच्या काळात ही टोके आणखी लांब गेली.

औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या संभाजीनगरजवळ, वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि मराठवाड्यात वाहन उद्योगाचे पाय रोवले गेले. पुढे शहराच्या पूर्वेला, जालना रस्त्यावरच्या शेंद्र्याला स्कोडा आली. चेक देशातल्या म्लादा बोलेस्लाव गावात वात्स्लाव लॉरिन आणि वात्स्लाव क्लेमेंट या दोघांनी १८९५ मध्ये सायकलींपासून सुरू केलेली ही कंपनी. १९०५ मध्ये तिने पहिली मोटार बनवली. १९५९ मध्ये तिने एका मोटारीला 'ऑक्टाव्हिया' हे नाव दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ आठवी, कारण दुसऱ्या महायुद्धानंतरचे ते कंपनीचे आठवे मॉडेल होते. त्याच नावाची नवी गाडी १९९६ मध्ये आली आणि २००१ मध्ये ती शेंद्र्यात जोडली जाऊ लागली. काही वर्षांनी ऑडीच्या सेडानही त्याच कारखान्यात जोडल्या जाऊ लागल्या. ज्या मुलखात अँबेसेडर दिसली की पोरे धावत, तिथेच आता युरोपी बनावटीची आलिशान गाडी आकार घेऊ लागली.

ऑक्टाव्हिया इथल्या रस्त्यांना मानवली. तिचे १.९ लिटरचे डिझेल इंजिन ९० अश्वशक्तीचे. आकडा मोठा नाही, पण खालच्या वेगातही ओढ जबर, आणि डिझेल पिणे कमी. दार लावताना जो जड, दबका आवाज येई, त्याचीच लोकांना भुरळ पडली. डॉक्टर, कंत्राटदार, कापसाचे व्यापारी, जिनिंगवाले यांच्या दारात ती उभी राहू लागली. २००४ मध्ये तिचे 'आरएस' नावाचे रूप आले. १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती. कारखान्यातून टर्बो लावूनच निघालेल्या देशातल्या अगदी पहिल्या पेट्रोल गाड्यांपैकी ती एक. पायाखाली जरा दाब दिला की पाठ सीटला टेकायची. तरुणपणी मोटारसायकल पळवलेल्या आणि आता संसारात अडकलेल्या माणसाच्या मनात या गाडीने घर केले.

याचे कारण तिच्या मागच्या अंगाला दडलेले होते. ऑक्टाव्हिया दिसायला सेडान, पण तिची डिकी उघडताना मागची काचही झाकणाबरोबर वर उचलली जाते. त्यामुळे तोंड मोठे होते आणि आत ५२८ लिटरची जागा मिळते. मागची सीट पाडली तर १,३२८ लिटर. बाजरीचे पोते आडवे करावे लागत नाही. वसतिगृहाची गादी गुंडाळून बसते, तिच्यावर पुस्तकांचे खोके, बाजूला शिधा आणि लोणच्याची बरणी. आरएस घेतली तरी ही डिकी तेवढीच. एका बापाला जे दोन्ही हवे होते, ते या एका गाडीत होते. घाटात एकटा असताना गाडी पळवायची आणि सुट्टी संपली की लेकीला तिच्या सामानासकट लातूरला किंवा पुण्याला पोचवून यायचे.

बीड जिल्ह्यात अशा गाड्या बऱ्याचदा जुन्या बाजारातून येतात. बीडचा आरटीओ क्रमांक एमएच २३. पण शिरूर-पाथर्डी रस्त्यावर भेटणाऱ्या जुन्या ऑक्टाव्हियाच्या पाटीवर पुण्याचा एमएच १२ किंवा संभाजीनगरचा एमएच २० दिसला, तर नवल नाही. पाच-सात वर्षे वापरलेली आलिशान सेडान नव्या लहान मोटारीच्या किमतीत मिळते, आणि तिथेच बापाचे हिशेब सुरू होतात. किंमत उतरते, पण सुट्या भागांची उतरत नाही. ऑक्टाव्हियाच्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट वेळेवर बदलला नाही आणि तो तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनच खोलावे लागते. टर्बोला इंजिन बंद करण्याआधी मिनिटभर शांत होऊ द्यायचे असते. कमी उंचीची गाडी गावाच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावर पोट घासते, म्हणून तिरपी घालावी लागते. मागे पोर झोपले असेल, तर आणखी हळू. दमणीचा मालक रोज वंगण घाली, बैलांची पत्री तपासी, आखाचा आवाज ऐकून चाकाची अवस्था ओळखी. हा बापही इंजिनाचा आवाज ऐकतच गाडी चालवतो.

आलिशान गाड्यांची मराठवाड्यातली सगळ्यात मोठी बातमी ऑक्टोबर २०१० ची. औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. देशभर चर्चा झाली, आणि काही महिन्यांतच शंभरावर बीएमडब्ल्यूंची अशीच एकगठ्ठा खरेदी त्याच शहरात झाली. या शहराला मागास म्हणू नका, असे सांगण्याचा हा त्या लोकांचा मार्ग होता आणि त्यामागचा अभिमान खराच होता. पण त्याच वेळी पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये याची दुसरी बाजू मांडली. मर्सिडीजसाठीचे बँकेचे कर्ज सात टक्के व्याजाने मिळाले होते, आणि त्याच मराठवाड्यातला शेतकरी ट्रॅक्टरच्या कर्जावर त्याहून कितीतरी चढे व्याज भरत होता. ट्रॅक्टर हेही बापानेच घेतलेले वाहन. त्याचा हप्ता पोरांच्या फीआधी भरावा लागतो. वेगवान गाडीचा आनंद मनापासून मान्य करूनही हा हिशेब विसरणे मराठवाड्याच्या माणसाला जमणार नाही, आणि जमूही नये.

गाडी वेगवान झाली तशी बापाची जबाबदारीही वाढली. दमणी पळून पळून किती पळणार? ती कलंडली तर खरचटणे, फार तर हातपाय मोडणे. शंभर-सव्वाशेच्या वेगाने जाणाऱ्या मोटारीत आईच्या मांडीवरचे मूल आईला धरून ठेवता येत नाही. अचानक ब्रेक लागला, तर त्याचे वजन हातांना कित्येक पटींनी जाणवते. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीची खास सीट सक्तीची केली. नाही तर हजार रुपये दंड. त्याच दुरुस्तीने आणखी एक कलम आणले. अल्पवयीन मुलाच्या हातून गाडी चालवताना गुन्हा घडला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्श सेडानच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत असल्याचे पोलिसांनी सांगितले. त्या सकाळनंतर महाराष्ट्रात किल्ली कुठे ठेवायची, हा अनेक घरांतला प्रश्न झाला.

दमणीच्या काळी ही शिकवण घरातच होई. कासरा पोराच्या हाती देण्याआधी बैलाला चारणे, पाणी दाखवणे, खांद्याला जू घासले का ते पाहणे, हे सगळे त्याच्याकडून करून घेतले जाई. बैल ओळखीचा झाल्यावरच गाडी हाती येई. मोटारीच्या बाबतीत हा मधला काळ बापाला ठरवून तयार करावा लागतो.

रस्तेही आता वेगाला साजेसे झाले आहेत. बीडवरून जाणारा धुळे-सोलापूर महामार्ग चौपदरी झाला आणि संभाजीनगरचा प्रवास पूर्वीच्या निम्म्या वेळेवर आल्यासारखा वाटू लागला. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरहून रेल्वेही अखेर बीडला पोचली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रुळांची वाट पाहिली, ते शेवटी आले. गंमत म्हणजे त्याच वर्षी ऑक्टाव्हिया आरएसही पुन्हा भारतात आली. २०१७ मध्ये तिच्या ५०० गाड्या आल्या होत्या, २०२० मध्ये २००. २०२५ मध्ये फक्त १००, त्याही थेट परदेशात तयार झालेल्या, आणि किंमत जवळपास ५० लाख. शेंद्र्याच्या कारखान्याने मराठवाड्याच्या दारात आणून ठेवलेली ही गाडी आता पुन्हा दूर गेली आहे. शिरूरच्या बापाच्या हाती राहिली आहे ती जुनी, दीड-दोन लाख किलोमीटर धावलेली, नीट सांभाळलेली ऑक्टाव्हिया.

खंडेनवमीला शिरूरमध्ये सगळ्या गाड्यांची पूजा होते. नळावर किंवा नदीकाठी मोटारी धुतल्या जातात, चाकांना हळद-कुंकू लागते, बोनेटवर झेंडूचा हार चढतो, आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवून गाडी फुटभर पुढे घेतली जाते. मग लेकरे मागे चढतात आणि गावातून पहिली फेरी होते. त्याच दिवशी कोयत्यांना, जुवांना आणि टायरगाड्यांनाही तेवढ्याच निगुतीने हळद-कुंकू लागते, कारण निघायला आता थोडेच दिवस उरलेले असतात. दिवाळीच्या आसपास पाथर्डीच्या रस्त्याने टोळ्यांचे ट्रॅक्टर निघतात. ट्रॉलीत चूल, भांडी, सरपण, कोंबड्या, ताडपत्रीखाली पोरे. सुट्टी संपवून परत निघालेली मोटार त्यांच्या मागे येते. बाप हॉर्न वाजवत नाही, रस्ता मोकळा होईपर्यंत दुसऱ्या गिअरमध्येच थांबतो. मागच्या सीटवर पट्ट्यात बसलेली मुलगी काच खाली करते. ताडपत्रीखालून तिच्याच वयाची एक मुलगी डोके बाहेर काढून तिच्याकडे पाहते आणि दोघी एकमेकींना हात हलवतात.